कुंकू न पुरलेली डिस्क

कृष्णवेणीअम्मांचं एक म्हणणं आहे: वर्षभर आपल्यासाठी राबलेल्या प्रत्येकाला आयुधपूजेला चंदन-कुंकू मिळालंच पाहिजे. म्हणून त्या दिवशी चेन्नईच्या गिंडीतल्या आमच्या शेडमध्ये मिलिंग मशीनला कुंकू, रबराच्या प्रेसला कुंकू, झाडूला कुंकू, माझ्या कॅल्क्युलेटरलाही कुंकू. गेल्या वर्षी सर्व्हरच्या पेटीला बाहेरून एक टिळा लावून मुरली निघाला, तर अम्मांनी त्याला थांबवलं होतं. "आणि आंत बसून काम करितात ते? त्यांनी काय पाप केलें?"

मुरलीने ते मनाला लावून घेतलं. यंदा त्याने पेटी बंद केली, पुढची जाळी उघडली, चारही डिस्क एकामागून एक बाहेर काढून अम्मांच्या हातात दिल्या. अम्मांनी बोटाने चंदन लावलं, त्यावर कुंकू. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. आपण कशाला टाळ्या वाजवतोय हे माणसाला त्या वेळी कळत असतं तर जगात टाळ्या फार कमी वाजल्या असत्या.

मी इथली हिशेबनीस. माहेर साताऱ्याचं, राहणं वेलचेरीला, आणि इतकी वर्षं या शेडमध्ये की अम्मांचं जुन्या वळणाचं तंजावरी मराठी आता मला माझ्या आईच्या मराठीइतकंच सवयीचं झालंय. शेडमध्ये पंपाला लागणारी रबरी सील बनतात. सील साच्यातून निघतं, साचा पोलादाच्या ठोकळ्यातून, आणि ठोकळा कापायचा तो मुरलीच्या ड्रॉइंगवरून. अशी सगळी ड्रॉइंग्ज त्या पेटीत.

आणि त्या दिवशी पेटीत एक जास्तीची गोष्ट होती. नव्या ऑर्डरच्या साच्याचं ड्रॉइंग. मुरली आषाढापासून, म्हणजे इकडच्या आडी महिन्यापासून, त्याच्यावर बसला होता. शेड अम्मांच्या आणि त्यांच्या धाकट्या दिराच्या, शेषाद्रींच्या, अशी दोघांच्या नावावर. शेषाद्री बँकेतून निवृत्त झालेले, स्वभावाने वाईट नाहीत. पण निवृत्त माणसाला दुसऱ्यालाही निवृत्त केल्याशिवाय चैन पडत नाही. त्यांना शेड गोदामवाल्यांना द्यायची होती. बरीच घासाघीस होऊन असं ठरलं होतं: विजयादशमीच्या सकाळी, गोदामवाले यायच्या आधी, नव्या साच्याचा पहिला कट मिलिंगवर पडला तर शेषाद्री पुन्हा तो विषय काढणार नाहीत. नाही पडला तर अम्मा सही करणार.

विजयादशमी म्हणजे उद्या.

पूजा झाली, दारात कोहळा फोडला, चुरमुरे आणि सुंडल, म्हणजे फोडणीचे चणे, वाटलं. एकदा पूजा झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी देवीला पुन्हा दिवा दाखवेपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही, हा इथला रिवाज. सगळे पानावर बसले. मुरली मात्र आत ऑफिसच्या खोलीत होता. बाहेर आला तेव्हा त्याच्या शर्टाला घामाने नकाशे काढले होते.

"काय झालं रे?" मी विचारलं.

"ओण्णुम इल्ले, अक्का." काही नाही.

मुरलीचं हे 'ओण्णुम इल्ले' माझ्या चांगलं ओळखीचं आहे. एकदा म्हणाला तर खरंच काही नसतं. दोनदा म्हणाला तर चहा देऊन विचारायचं.

"नक्की?"

"ओण्णुम इल्ले. ओण्णुम इल्ले."

तीनदा. मी पानावरून उठले.

आतल्या खोलीत पडद्यावर एकच ओळ होती आणि ड्रॉइंगचा फोल्डर उघडत नव्हता. मी वेलचेरीला माझ्याच मजल्यावर राहणाऱ्या शार्दूलला फोन लावला. शार्दूल नाशिकचा, एका कंपनीत असल्याच पेट्या सांभाळतो, सुट्टीत घरी झोपलेला होता. "ताई, मशीन बंद करा. कुणालाही काहीही टाइप करू देऊ नका. ओरडलं तरी चालेल," एवढं बोलून तो निघाला.

तो पोचेपर्यंत बातमी बाहेर गेली होतीच. शेषाद्री हातात सुंडलचा द्रोण घेऊन दारात उभे.

"वैनी, काय म्हणतो तुमचा कॉम्प्युटर? कंटाळला?"

"तो कंटाळला नाहीं, शेषा. तूं बस." अम्मांचा आवाज सरळ होता, पण हातातला रुमाल त्यांनी पिळून पिळून सुतळी केला होता.

शार्दूल आला, पेटीसमोर मांडी घालून बसला आणि आधी विचारलं, "बॅकअप कुठे?"

"चार डिस्क आहेत ना," मुरली म्हणाला. "एक गेली तरी बाकीच्या सांभाळतात."

शार्दूलने त्याच्याकडे बघितलं. दातदुखीवर लवंग धरून आलेल्या माणसाकडे डॉक्टर बघतो तसं. मग आम्हाला समजावलं. लिनक्सने चार डिस्कची मोट बांधलेली असते, तिला रेड म्हणतात. एक डिस्क मेली तर उरलेल्या तिघी तिच्या वाट्याचं आठवून सांगतात. दोन गेल्या तर मोट सुटते. "म्हणजे एकीच्या मरणाची सोय आहे. कुणी चुकून पुसलं, कुणी चंदन लावलं, याची नाही."

"चंदन मी लाविलें," अम्मा म्हणाल्या.

"अम्मा, चंदन पुसता येतं."

त्याने पेटी उघडायला हात पुढे केला आणि शेषाद्रींनी घसा खाकरला. इकडे वयाने लहान माणसाला तंबी म्हणतात. "तंबी, पूजेतलं आहे ते. उद्या सकाळपर्यंत हात लावायचा नाही. वैनीच किती वर्षं आम्हांला हे शिकवीत आल्या आहेत."

खोलीत सगळे अम्मांकडे बघायला लागले. उद्या सकाळपर्यंत थांबायचं म्हणजे शेषाद्रींना काहीच करायला नको होतं. त्यांना ते ठाऊक होतं आणि अम्मांनाही.

"हत्याराला हात लावूं नये," अम्मा सावकाश म्हणाल्या. "हें आजारी आहे. आजाऱ्याला हात लाव, बाळ. देवीला मी सांगतें."

शार्दूलने स्वतःचा लॅपटॉप जोडला. "मी डिस्कवर काही लिहिणार नाही. तुम्ही ड्रॉइंगवर ट्रेसिंग पेपर ठेवता ना, तसा ठेवणार. जे गिरवीन ते कागदावर. खालचं शाबूत." मुरलीने मान हलवली. ही भाषा त्याला कळत होती.

मग शार्दूलने प्रत्येक डिस्कला तिची ओळख विचारली, आणि थबकला.

"मुरली, ही मोट कधी बांधलेली?"

"शेड रंगवली त्या वर्षी. फार झालं."

"नाही. ही आज दुपारी जन्मलीय." त्याने पडदा आमच्याकडे वळवला. "प्रत्येक डिस्कच्या पोटात तिचा नंबर लिहिलेला असतो, तू पहिली, तू दुसरी. खण बदलले तरी त्या आपापल्या जागी जातात. पण कुणीतरी आज हे नंबर नव्याने लिहिलेत. जुन्यांवर."

मुरली भिंतीकडे बघत होता. भिंतीवर मागच्या वर्षीचं कॅलेंडर होतं, त्यात वाचण्यासारखं काही नव्हतं.

"मुरली," मी म्हटलं, "ओण्णुम इल्ले म्हणालास तर मी खरंच मारीन."

तो तमिळमधे बोलला, एका दमात. नव्या ड्रॉइंगचा प्रिंट देवीपुढे ठेवावा असं त्याच्या मनात आलं. म्हणून पूजा झाल्यावर, हात लावायचा नसताना, त्याने डिस्क परत खोचल्या आणि पेटी चालू केली. एक डिस्क दिसेच ना. तिच्या जोडणीच्या टोकात चंदन गेलं होतं. त्याने ते पुसलं. दिसली, पण मोट बांधली जाईना. मग त्याने नेटवर शोधलं. तिथे कुणीतरी लिहिलं होतं, ही ओळ टाइप करा, माझं काम झालं. त्याने टाइप केली.

"नंतर? दुरुस्ती चालवलीस? फाइलींची दुरुस्ती?" शार्दूलचा आवाज एकदम खाली आला.

मुरलीने बोटाला लागलेलं चंदन शर्टाला पुसलं.

"मुरली, चुकीच्या नंबरांवर दुरुस्ती म्हणजे पुस्तकाची पानं विसकटून मग खोडरबर फिरवणं. चालवलीस का?"

"विचारत होतं, हो की नाही. मी 'हो'वर बोट ठेवलं होतं." मुरली म्हणाला. "तेवढ्यात अम्मांनी कोहळा फोडायला हाक मारली. उशीर झाला तर ओरडतात. गेलो."

दारातल्या फुटक्या कोहळ्याकडे मी तेव्हा पहिल्यांदा आदराने बघितलं.

"खोचल्या कुठल्या क्रमाने?"

"चारही पाटावर होत्या. घेतल्या, खोचल्या."

"म्हणजे जुना क्रम गेला. चोवीस तऱ्हा होतात. एकेक करून बघता येतात, पण..." शार्दूलने एका डिस्कवर हात ठेवला. आतून बारीक कुरकुर येत होती. झोपेत दात खाणाऱ्या माणसासारखी. "हिला चोवीस वेळा उठबस करायला लावली तर मधेच बसेल. शिवाय चुकीचा क्रमही फसवतो. लहान फाइली नीट उघडतात, मोठ्या फुटलेल्या निघतात. आपल्याला वाटतं जमलं."

त्याने पेटी बंद केली, चारही डिस्क काढल्या. टोकं साफ करायला म्हणून स्पिरिटचा बोळा घेतला आणि हाताला आली ती पहिली डिस्क पाठीपोटासकट स्वच्छ करून टाकली. दुसरी उचलली.

"थांब!" मी इतक्या जोरात ओरडले की शेषाद्रींच्या द्रोणातले चणे सांडले.

हातातल्या त्या डिस्कवर चंदनाने एक आकडेवजा खूण काढलेली होती. तमिळ मुलखात कुठल्याही कागदाच्या डोक्यावर, यादी असो की लग्नपत्रिका, आधी गणपतीची अशी एक खूण करतात, पिळ्ळैयार सुळी. अम्मा माझ्या व्हाउचरवरही काढतात. पण ती कधीच मधल्या कागदावर नसते. पहिल्याच.

"अम्मा, ही सुळी तुम्ही कुठल्या डिस्कवर काढली?"

"जी मुरलीने आधी दिली तिच्यावर. आणखी कोठें काढतात?"

"मुरली, काढताना कुठून काढल्यास?"

"वरून. एक, दोन, तीन, चार."

शार्दूल माझ्याकडे आणि मग डिस्ककडे बघायला लागला. मी उरलेल्या दोन उजेडात धरल्या. सुळीवालीवर कुंकू भरघोस. दुसऱ्या एकीवर बरं. कुरकुरणारीवर पुसट, नावापुरतं. अम्मांच्या बोटाला मी ओळखते. त्या दिवाळीला आम्हा सगळ्यांना तेल लावतात तेव्हाही पहिल्याच्या कपाळावर ओघळ येतो आणि शेवटच्याला नुसता आशीर्वाद मिळतो.

"सुळी पहिली, ही दुसरी, पुसट ती तिसरी," मी म्हटलं. "आणि तू पुसलीस ती?"

ती आता लखलखीत होती. शार्दूलचा चेहरा पडला. मी बोळा उलगडला. त्यावर चंदनाचा पिवळा डाग होता. लाल काही नव्हतं.

"शेवटच्याला कुंकू पुरलें नाहीं," अम्मा ओशाळून म्हणाल्या. "करंडा दुसऱ्या खोलींत होता. म्हटलें, चंदन आहे, चालेल."

"चालेल काय, अम्मा! धावेल!" शार्दूलने डिस्क खणात सरकवायला सुरुवात केली.

शेषाद्रींनी चणे गोळा करता करता विचारलं, "म्हणजे आता झालं?"

"आता सुरू झालं."

शार्दूलचं पुढचं गणित साधं होतं. मोटेला चारातल्या तीन पुरतात. कुरकुरणारी बाजूला ठेवायची, बाकीच्या तीन निरोगी घ्यायच्या. त्याने तसं केलं, ट्रेसिंग पेपरावर. पडद्यावर फोल्डर उघडला. नावांची रांगच्या रांग खाली सरकायला लागली. मुरलीने दोन्ही हात डोक्यावर ठेवले. अम्मांनी रुमाल सोडला.

मी मात्र यादी वाचत होते. सवयच ती. जे आहे त्याच्यापेक्षा जे असायला हवं आणि नाही, तिकडे माझी नजर आधी जाते. "नव्या ऑर्डरचा फोल्डर कुठाय?"

नव्हता. मुरलीने खालीवर केलं. नव्हताच. त्याने जुन्यांपैकी एक मोठं ड्रॉइंग उघडलं, ते अर्धं आलं आणि पुढे नुसता राखाडी पट्टा.

"क्रम चुकला असेल," शार्दूल पुटपुटला, पण त्याचा त्यावर विश्वास दिसत नव्हता.

"पेटीला काय ठाऊक आहे ते बघ," मी म्हटलं. "आडीच्या आधीचं सगळं नावाने आहे. नंतरचं एकही नाव नाही. ही यादी आडीत झोपली आणि आज उठली." मग मी मुरलीकडे वळले. पेटीच्या सर्वांत खालच्या खणावर, दिव्याच्या जागी, काळ्या चिकटपट्टीचा एक बारका चौकोन होता. आडीपासून तो मी बघत होते. मला वाटलं होतं दृष्ट लागू नये म्हणून लावलाय. इथे लोक रिक्षेलाही काळं लावतात.

"ती पट्टी कशाची, मुरली?"

"ओण्णुम..." तो म्हणाला, आणि थांबला.

"सांग," अम्मा म्हणाल्या. त्या ओरडल्या नाहीत. त्यामुळेच तो कोसळला.

खालच्या खणाचा दिवा आडीत लाल झाला होता. अम्मा रोज दिवा लावायला त्या खोलीत येतात. लाल बघितला की विचारतील. नवी ऑर्डर अंगावर, वेळ नव्हता. तीन चालतायत ना, ऑर्डर संपली की बदलू. म्हणून पट्टी.

"म्हणजे चौथी तेव्हाच मोटेतून बाहेर पडली," शार्दूल हळू म्हणाला. "जिवंत आहे, आवाज करत नाही, पण तिला आडीनंतर काही सांगितलंच गेलेलं नाही. आणि मी तिलाच निरोगी समजून घेतली." त्याने कुरकुरणाऱ्या डिस्ककडे बघितलं. "सगळं खरं हिच्याकडे आहे. आणि ही चाललीय."

शेषाद्रींनी द्रोण खाली ठेवला. आता ते हसत नव्हते. गंमत अशी की माणूस दुसऱ्याचं नुकसान लांबून मनात धरतो तेव्हा त्याला ते छान दिसतं. खोलीत बसून कुरकुर ऐकायची वेळ आली की त्याचाही जीव खाली-वर होतो.

"एकदाच उठवीन हिला," शार्दूल म्हणाला. "उठली की कॉपी सुरू. मधे कधी बसेल सांगता येत नाही. म्हणून आधी ठरवा, पहिलं काय काढू? नवी ऑर्डर, की जुनं सगळं?"

हा प्रश्न वाटतो तितका सोपा नव्हता. जुनं सगळं म्हणजे अम्मांचे यजमान, राममूर्ती राव, यांनी हाताने काढलेली आणि नंतर बसून संगणकावर चढवलेली ड्रॉइंग्ज. प्रत्येकाच्या कोपऱ्यात त्यांची सही. गिऱ्हाइकं परत येतात ती त्या साच्यांसाठी. मला वाटलं अम्मा जुनं म्हणणार. मुरलीलाही तेच वाटलं. तो नव्या ड्रॉइंगचा धनी असूनही खाली मान घालून उभा होता.

"जुनी," शेषाद्री अचानक म्हणाले. "वैनी, अण्णाची आधी काढा. नवी मिळेल पुन्हा." आणि मला जाणवलं, हे गोदामाच्या बाजूने नव्हतं. तो भाऊ बोलत होता.

अम्मा उठल्या. मधल्या दारातून शेडकडे बघितलं. भिंतीला लागून जुने साचे मांडणीत रचलेले होते, प्रत्येकावर आजच लावलेला टिळा.

"त्यांचे साचे तेथें आहेत," त्या म्हणाल्या. "लोखंडांत. मोजायचे, पुन्हा काढायचे. मेहनत आहे, पण होतें. नवा अजून लोखंडांत उतरला नाहीं. तो फक्त ह्या पेटींत आहे." त्या शार्दूलकडे वळल्या. "नवा काढ."

"अम्मा, सही..." मुरली म्हणाला.

"सही घेऊन मी काय करूं? त्यांना सही करणें आवडत नसे. बँकवाले सांगत म्हणून करीत." त्यांनी शेषाद्रींकडे न बघता हे म्हटलं, आणि शेषाद्रींनी नाक ओढलं.

शार्दूलने पहिल्या तीन लावल्या, चौथी बाहेर टेबलावर ठेवली. ओळ टाइप केली. तिसरी कुरकुरली, थांबली, पुन्हा कुरकुरली. फोल्डर उघडला. रांग सरकली. शेवटी नव्या ऑर्डरचं नाव.

शार्दूलने ते नाव उचलून लॅपटॉपवर टाकलं. हिरवी पट्टी भरायला लागली, अडकली, भरली. मुरलीने लॅपटॉपवरचं ड्रॉइंग उघडलं. साचा पूर्ण होता. शेवटच्या खोबणीपर्यंत. त्याने एक माप वाचलं, दुसरं वाचलं, आणि मग तोंडावर हात ठेवून खाली बसला.

"बसू नको, पेन ड्राइव्ह आण," मी म्हटलं. "दोन आण. एक डिझाइनचा, एक माझा. यापुढे माझ्या कपाटात रोज एक प्रत."

जुनी ड्रॉइंग्ज त्यानंतर यायला लागली, एकामागून एक. बरीच आली. मग तिसऱ्या डिस्कने एक लांब किर्र आवाज काढला आणि खोलीत नुसता पंखा ऐकू यायला लागला. शार्दूलने तिला आणखी उठवायचा प्रयत्न केला नाही.

अम्मांनी पेन ड्राइव्ह हातात घेतला आणि करंडा मागवला.

"टोकाला नको, अम्मा!" शार्दूल आणि मुरली एकदम ओरडले.

"पाठीवर लावितें. मला काय वेडी समजलास?" या वेळी कुंकू भरघोस होतं.

सकाळी देवीला दिवा दाखवून झाला. मुरलीने ठोकळा बांधला, मिलिंग सुरू झालं, आणि पोलादाची पहिली साल वळून खाली पडली. शेषाद्रींनी ती उचलली, गरम होती म्हणून एका हातातून दुसऱ्या हातात टाकत राहिले. गोदामवाल्यांची गाडी बाहेर लागली तेव्हा ते स्वतःच गेटवर गेले. काय बोलले ते ऐकू आलं नाही. गाडी वळली एवढं दिसलं. परत येऊन ते म्हणाले, "चुरमुरे उरलेत का, वैनी?"

"उरलेत. आधी हात दे."

अम्मांनी मांडणीतला सर्वांत जुना साचा काढून टेबलावर ठेवला होता. त्याचं ड्रॉइंग परत आलं नव्हतं. शेजारी मापं घ्यायचं व्हर्नियर, त्यावर कालचा टिळा.

"मुरली मोजील, तूं लिही. तुझें अक्षर चांगलें आहे, शेषा. बँकेंत फुकट गेलें."

शेषाद्रींनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. कागदाच्या डोक्यावर त्यांनी आधी सुळी काढली. मग म्हणाले, "हं. सांग रे, तंबी. बाहेरचा व्यास."